थंड अंगानं जाऊ नगंस

मला अजूनही कुणी ‘पायलट’ म्हणून हाक मारली की डोकं सटकतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एके काळी मला दुसरं नावच उरलं नव्हतं. लोक प्रेमानं म्हणायचे, त्यामुळे भांडताही यायचं नाही.

घरात मी आणि वडील. आई मी लहान असतानाच गेली. वडील कोर्टात कारकून, बोलणं जेमतेम; संध्याकाळी ‘जेवलास?’ विचारलं की त्यांचा संसार संपला. त्यामुळे मी वाढलो तालमीत. तिथले वस्ताद तोंडानं फटकळ. मी कॉलेजात सायन्स घेतलं तेव्हा “लई शिकू नगंस, अंग ढिलं पडतंय” म्हणून त्यांनी दम भरला, आणि परीक्षेच्या दिवसांत घरच्या म्हशीचं दूधही धाडलं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मुंबईच्या एका विमान कंपनीनं जाहिरात दिली. सायन्स शिकलेली धडधाकट मुलं हवीत, विमान चालवायचं शिक्षण कंपनी स्वतःच्या खर्चानं देणार, बदल्यात पुढं काही वर्षं तिच्याकडंच नोकरी करायची. एरवी असलं शिक्षण संस्थानिकांच्या नाहीतर गिरणीमालकांच्या पोरांनी घ्यावं. कारकुनाच्या पोराला हे एकच दार होतं. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, मी निवडला गेलो. राहिली फक्त डॉक्टरी तपासणी.

ती पेठेनं हिशेबातच धरली नाही. तालमीतल्या पोराला कोण डॉक्टर नापास करतोय, असं म्हणून लोकांनी मला फेटा बांधला आणि हलगी लावून स्टेशनापर्यंत मिरवत नेलं. वडील गर्दीच्या मागनं चालत होते. गाडी सुटताना वस्ताद खिडकीशी आले. “ही बी कुस्तीच हाय,” ते म्हणाले. “थंड अंगानं जाऊ नगंस. सकाळी अंग तापीव, घाम काढ, मग हुबा ऱ्हा डॉक्टरम्होरं. बघू दे की त्याला कोल्हापूरचं अंग.”

वस्तादांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. मुंबईत उतरलो होतो त्या लॉजच्या गच्चीवर पहाटे जोर-बैठका मारल्या. भीती काही जाईना, म्हणून पुन्हा तेवढ्याच मारल्या. डॉक्टरांनी डोळे बघितले, कान बघितले, छाती बघितली आणि खूश झाले. मग लघवी तपासली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. लघवीतून अल्ब्युमिन जात होतं. मूत्रपिंड बिघडलं की जातं म्हणे. ‘अपात्र’ असा शेरा मारून झाल्यावर त्यांनी विचारलं, सकाळी काही श्रमाचं काम केलं होतंत का? मी ऐटीत सांगितलं.

ते माझ्याकडं बघतच राहिले. “अहो, एवढ्या व्यायामानंसुद्धा असं होतं. आज नुसते झोपून आला असतात तर पास झाला असतात. पंधरवड्यानं परत या, मी कंपनीला सांगून बघतो.”

तो पंधरवडा मी मुंबईत काढला. हलगी वाजवून निघालेल्या माणसानं कोणत्या तोंडानं परतायचं? रोज जुहूला जाऊन विमानं उतरताना बघत बसायचो. एका जिवंत माणसाशी धड बोललो नाही. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. दुसऱ्या तपासणीत काहीच निघालं नाही. पण तोवर माझी जागा दुसऱ्याला दिली होती. पुढच्या वर्षी बघू, असं कंपनीत म्हणाले. पुढच्या वर्षी विमान कंपन्याच सरकारजमा झाल्या आणि ती योजना गुंडाळली गेली.

परत आलो तेव्हा वडिलांनी विचारलं, “जेवलास?” पेठेला मी एवढंच सांगितलं, डॉक्टरनं घेतलं न्हाई. वस्तादांनी त्या डॉक्टरला भर चौकात शिव्या घातल्या, आणि मी खाली मान घालून ऐकत राहिलो. ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं असा मला जगात एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच सांगता येत नव्हतं. हळूहळू मी तालमीत जायचा बंद झालो. कसबा बावड्याला कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर नोकरी धरली. लोकांना वाटलं, पोरगं खचलं. वस्तादांना वाटलं, रुसलं.

दोन-तीन वर्षांनी वस्तादांना लकवा मारल्याचं कळलं, तेव्हा गेलो. तालमीच्या दारात बाजेवर पडले होते. तेवढ्यात वरनं एक विमान गेलं. दोघंही वर बघत राहिलो. आवाज विरल्यावर ते म्हणाले, “खरं सांग लेका. माझंच कुठं चुकलं काय रं?”

“न्हाई वस्ताद. डॉक्टरच आंधळा हुता.”

त्यांनी डोळे मिटले. बरं वाटलं असावं. मग पुन्हा उघडले आणि विचारलं, “मी सांगितल्यागत अंग तापवून गेलतास न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो. “तुमी सांगितलं त्याच्या दुप्पट.”

चांगला हात होता त्यानं त्यांनी माझी पाठ थोपटली.