मुर्दा दात

माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत मी दात दाखवून हसलेली नाही. अल्बम पाहणाऱ्यांना वाटतं, नवरी लाजाळू होती. लाजाळू कसली, इंझोरीत आमच्या गल्लीत माझ्या तोंडी लागायला भलेभले कचरत. तोंड मिटलेलं आहे ते वरच्या उजव्या सुळ्यामागे खाच आहे म्हणून. तिथला दात लग्न तोंडावर आलं असताना काढून घेतला. तेव्हा तो दुखत नव्हता, हलत नव्हता आणि किडलेलाही राहिला नव्हता.

दुखणं सगळं त्याच्या आधीचं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी डाळीतला खडा चावला, दाताचा टवका उडाला आणि पुढे गाल सुजून डोळा लहान दिसायला लागला. बाबांनी मला वाशीमला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रूट कॅनल केलं. मुळातली सडलेली नस काढली, पोकळी धुऊन भरली आणि वर दाताच्याच रंगाची टोपी बसवली. मला पुन्हा दोन्ही बाजूंनी भाकरी चावता यायला लागली, आणि ते सुख काय असतं हे ज्याचा दात ठणकलेला आहे त्यालाच विचारावं. आईला तर त्या टोपीचं सोन्याच्या फुलीइतकं अप्रूप. घरी कुणी आलं की म्हणायची, हसून दाखव बरं.

तिथेच घात झाला. शेलूबाजारचं स्थळ जमलं, आमच्या अंगणात साक्षगंध झालं, आणि जेवणं उरकल्यावर आईने मुलाकडच्या बायकांना सांगून टाकलं की आम्ही लेकीच्या बाबतीत हात आखडत नाही, तिच्या दाताला टोपीसुद्धा बसवली आहे. बायकांनी वाकून वाकून पाहिलं, कौतुक केलं, आणि बातमी जीपमध्ये बसून आपल्याबरोबर शेलूबाजारला नेली.

त्या घरात शब्द चाले तो मुलाच्या मोठ्या काकांचा. शेती होतीच, शिवाय आसपासच्या बैलबाजारांत ते सौदे जुळवून देत. बैलाच्या जबड्यात अंगठा घालून त्याचं वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही असं सगळे म्हणत. बैलाच्या बाबतीत ते खरंही असेल. पण आपल्याकडे माणूस एका गोष्टीत हुशार निघाला की त्याला सगळ्याच गोष्टींत विचारायची खोड आहे, आणि तोही मग नाही म्हणत नाही.

साक्षगंधानंतर थोड्याच दिवसांत बाबांच्या मोबाइलवर काकांनी एक व्हिडिओ पाठवला. पांढऱ्या कोटातला एक गोरा माणूस, त्यावर कुणाचा तरी हिंदी आवाज. रूट कॅनल केलेला दात म्हणजे मेलेला दात, तो तोंडात ठेवणं म्हणजे घरात मढं ठेवणं, त्याचं विष रक्तात उतरतं, आणि बाईमाणसाला त्यातून छातीचा कॅन्सर होतो. बाबांनी तो तीन-चारदा पाहिला. मग स्वतः काकाच आले, सोबत गावातले दोघेजण घेऊन.

ओसरीवर बसून काका तळहातावर सुपारी-तंबाखूचा खर्रा मळत कॅन्सरवर बोलत होते. त्यांच्या स्वतःच्या तोंडात काळे पडलेले खुंट तेवढे शिल्लक होते. ते कुणाला दिसत नव्हते, कारण ते वरपक्षाच्या तोंडात होते. बोलता बोलता ते म्हणाले की एकदा पाहून घेऊ. बाबांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "दाखव बाई."

मी तोंड उघडलं. एकाने मोबाइलची बत्ती धरली. काकांनी खर्रा मळलेल्या अंगठ्याने माझा वरचा ओठ उचलला आणि मान एका बाजूला वळवली. तो तंबाखूचा वास अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि मला सगळ्यात जास्त राग तिचा आला, कारण तिने कप खाली ठेवले नाहीत.

ओठ सोडून काकांनी निकाल दिला. "मुर्दा दात घेऊन पोरगी आमच्या घरात येनार नाही. काढून टाका, मंग तारीख पक्की धरा."

साक्षगंध मोडलेल्या मुलीचं आमच्याकडे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. लोक विचारत नाहीत, नुसते पाहतात. मला दात हवा होता आणि घरच्यांना लग्न.

बाबा मला घेऊन पुन्हा वाशीमला गेले. डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, ही त्यांची मोठी सहनशक्ती. मग शांतपणे समजावलं की ही भीती फार जुनी आहे, कधीकाळी परदेशात एका डॉक्टरने ती मांडली होती, पुढे इतरांनी तपासली आणि टाकून दिली. नस काढली म्हणजे दात मढं होत नाही, त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड जिवंत असतं, तेच त्याला धरून ठेवतं. क्वचित एखाद्या दातात पुन्हा पू होतो, तेव्हा तो पुन्हा साफ करता येतो. त्यांनी एक्स-रे काढून उजेडासमोर धरला आणि मुळं स्वच्छ आहेत हे दाखवलं. बाबांनी सगळं मान हलवत ऐकलं. मला वाटलं, जिंकले मी.

मग बाबांनी विचारलं, "म्याडम, पुढं कधीच काही होनार नाही, हे शंभर टक्के लिहून देता का?"

बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, शंभर टक्के तर मी कशाचंच लिहून देऊ शकत नाही, पण या दातामुळे कॅन्सर होतो याला काही आधार नाही.

बाबांनी पहिलं अर्धं वाक्य घेतलं आणि दुसरं तिथेच सोडलं. व्हिडिओवाला शंभर टक्के सांगत होता. इतकी वर्षं झाली, पण या दाताच्या वादात खरं बोलणारा माणूस कसा हरतो ते मी त्या खुर्चीवर बसून पाहिलं आहे, आणि अजूनही कुणी मला "डॉक्टर स्वतःच खात्री देत नाहीत" असं सांगायला आलं की माझं डोकं फिरतं.

धडधाकट दात काढायला बाईंनी साफ नकार दिला. पुढच्या गल्लीत दुसरा दवाखाना होता, तिथे कशाला म्हणून विचारत नाहीत. नस काढलेला दात ठिसूळ होतो, एवढं मात्र खरं. तो एका ओढीत निघाला नाही. टोपी निघाली, मग वरचा भाग मोडला, मग मुळं कोरून काढावी लागली. सुई मारलेली असल्यामुळे दुखलं नाही, पण डोक्याच्या कवटीत कुणी वखर चालवावा तसा आवाज येत होता. मी रडले ते दुखतं म्हणून नाही. माझं लग्न होणार होतं म्हणून रडले.

बाबांनी ते तुकडे कागदात बांधून मागून घेतले. पुरावा म्हणून. दुसऱ्या दिवशी स्वतः शेलूबाजारला जाऊन त्यांनी ती पुडी काकांपुढे उघडली. काकांनी एक मूळ उचलून उन्हात धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, हा तर चांगला दिसून राह्यला. बाबांनी घरी येऊन हे हसत सांगितलं. मीही हसले असते, पण तोंडात टाके होते.

लग्न झालं. फोटोग्राफर म्हणाला, ताई, तोंड मिटूनच हसा. सासूबाईंनी सुनमुख पाहायला आलेल्या बायकांना आपणहून सांगितलं की दाताची जरा खाच आहे, पण पोरगी गरीब आहे. खाच कुणी पाडली ते त्या विसरल्या होत्या. माझा नवरा वाईट माणूस नाही. लग्नाआधी त्याला दाताचं सगळं माहीत होतं, आणि तो काही बोलला नाही. या दोन्ही गोष्टी मी एकदमच सांगते, कारण त्या घरात त्या एकदमच राहतात.

मागच्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात त्याचा वरचा दात ठणकायला लागला. तोही उजवीकडचाच. रात्रंदिवस गाल धरून बसायचा. मी म्हटलं, काढून टाका. सासूबाई माझ्यावर धावून आल्या. वरचा दात काढला का डोया जाते, तुले समजत नाही का? माझा काढला तेव्हा डोळ्याची आठवण कुणालाही झाली नव्हती. काकाही आले, खर्रा मळत बसले आणि म्हणाले की आता मस्त रूट कॅनल निघालं आहे, वाशीमला एक बाई चांगली करते. मी त्यांना त्या व्हिडिओची आठवण करून दिली. काका म्हणाले, मोबाइलवरचं सगळं खोटं राह्यते, तू शिकलेली ना, तुले एवढं कळत नाही?

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. माझ्या खाचेकडे एकदा पाहिलं आणि माझ्या नवऱ्याचा दात वाचवला.

टोपी बसली त्या संध्याकाळी सगळं घर त्याच्याभोवती जमलं. आ कर, आ कर. काकांनी बत्ती धरली, पण ओठाला हात लावला नाही. वा, अस्सल काम हाय म्हणाले. मी चुलीपाशी त्याच्यासाठी शिरा ढवळत होते, कारण त्याला मऊ खायला सांगितलं होतं. सासूबाई वाटी न्यायला आत आल्या. मी इतकी वर्षं गिळलेलं तेव्हा विचारलं, "हा मुर्दा दात चालते, मंग माहा काहून नाही चालला?"

त्या चिडल्या नाहीत. भोळ्या बाईला समजावून सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "जनावर घरी आनताना दात पाह्यतात, बाई. दावनीच्या जनावराचे कोनी पाह्यते का?"

"मंग मी घरची कधी होईन?"

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरंच मायेने फिरवला. "झालीच ना आता. आता कोन पाह्यते तुये दात?" असं म्हणून त्या वाटी भरून घेऊन गेल्या.