मागची दाढ

बैलाच्या तोंडात बोट घालून वय सांगणारे बाजारात पुष्कळ असतात. बोरी अरबजवळच्या तांड्यातला धावजी त्यांच्या पुढचा होता. त्याच्या गोठ्याच्या आढ्याला तीस-पस्तीस जबडे टांगलेले: बैलांचे, शेळ्यांचे, एक तर गाढवाचा. कोणता बैल खडकाळ रानात चरला, कोणाचे दात उशिरा आले, हे तो नुसत्या हाडावरून सांगायचा. मी तेव्हा गुरांच्या दवाखान्यात कारकून होतो. या माणसावर माझा जीव होता, पण त्याच्या ताठ्याचा रागही यायचा. 'चुकलो' हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

१९६२च्या उन्हाळ्यात नेमसिंगच्या शेताशेजारच्या नाल्यात जबड्याचा एक तुकडा सापडला, दोन झिजलेल्या दाढांचा. नेमसिंगची बायको जमनी दिवाळीत भांडून घराबाहेर पडली होती. ती माहेरीही पोचली नव्हती. तांड्याचा नायक हरिसिंग यानं तुकडा धावजीच्या हातात दिला. त्या दिवशी गुरांच्या नोंदीसाठी मीही तांड्यात आलो होतो.

धावजीनं तो उन्हात फिरवून पाहिला. "बैलाची नाही, शेळीची नाही, घोड्याची बी नाही. माणसाची दाढ होय," म्हणाला.

लेकीच्या शोधात माहेराहून आलेली जमनीची आई भुरीबाई तिथंच खाली बसली. तांड्यातल्या तरण्या पोरांनी नेमसिंगला नायकाच्या ओसरीच्या खांबाला बांधलं. दिवस मावळला की त्याला दारव्ह्याला पोलिसांकडे न्यायचं ठरलं. पोरांचे चेहरे पाहून तो तिथवर जिवंत पोचेल असं मला वाटेना.

नेमसिंग रडला नाही. एवढंच म्हणाला, "काका, तू माणसाची दाढ कधी पाह्यली काय?"

धावजीनं नायकाकडून तुकडा मागून घेतला आणि तडक माझ्यासमोर आला. "आ करा, अनंतराव." त्यानं बोट घालून माझ्या दाढा चाचपल्या. मग घरोघर जाऊन त्यानं म्हाताऱ्यांची, बायांची, पोरांची तोंडं उघडायला लावली. लोक वैतागले. एका तोंडावर भरवसा ठेवायचा नाही, दोन बैल सारखे नसतात, हे त्याचंच म्हणणं. चोवीस तोंडं पाहिली. बावीस जणांची मागची दाढ पुढचीपेक्षा लहान किंवा तेवढीच होती. दोघांची थोडी मोठी. हातातल्या तुकड्यात मागची दाढ चांगलीच मोठी होती.

ऊन उतरायला लागलं होतं. "मंग कोनाची होय ही?" तो स्वतःशीच पुटपुटत राहिला. ज्याचा सौदा होत नाही त्या जनावराचं तोंड त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मला तांड्याबाहेर फुलचंदच्या शेताच्या कुंपणावर टांगलेली रानडुकराची कवटी आठवली. आम्ही अक्षरशः धावत गेलो. धावजीनं तुकडा कवटीच्या जबड्याशेजारी धरला. दाढेवरचे उंचवटे तेच, मागची दाढ तशीच मोठी. मला हायसं वाटलं. धावजीनं कवटी कुंपणावरून काढून काखेत मारली.

आम्ही परतलो तेव्हा पोरं नेमसिंगला खांबापासून सोडवून हात मागं बांधत होती.

"थांबा," धावजी म्हणाला. "डुकराची होय. मी चुकलो."

"तीस वर्षं तुह्या शब्दावर आमी बैल घेतले," हरिसिंग म्हणाला.

"घेतले. आज मी चुकलो." त्यानं कवटी आणि तुकडा नायकापुढे ठेवला. हरिसिंगनं दोन्ही शेजारी धरून पाहिलं आणि नेमसिंगचे हात सोडायला सांगितलं.

तेवढ्यात भुरीबाई उठून आली. सकाळपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं. "मंग माही जमनी कुठी हाय?"

"मले मालूम नाही, बाई," धावजी म्हणाला. त्याची मान वर होईना.

तिनं ओढणीचा पदर पुढे पसरला. "ते हाड मले दे."

"बाई, डुकराचं हाय ते."

"असू दे. मले रडाले काही तं पायजे."