आवाज न करणारा पंप

२ मे. आकाश निरभ्र, वारा पडलेला. सकाळीच शर्ट पाठीला चिकटला.

पंपरूममधले किस्से फिल्टरच्या जाळीतल्या केसांसारखे असतात. रोज थोडे थोडे साचतात, आणि एक दिवस झाकण उघडावं तर हा एवढा गोळा!

नवी मुंबईतल्या आमच्या तरणतलावाचं मेंटेनन्स मी बघतो. पूर्वी पंपाची मोटार कायम फुल स्पीडने पळायची आणि पाण्याचा जोर जास्त झाला की आम्ही व्हॉल्व्ह अर्धा बंद करायचो. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा आणि गाडी ब्रेकने आवरायची! मग मी मागे लागून ड्राइव्ह बसवून घेतला. हा डबा गरजेप्रमाणे मोटारच हळू चालवतो आणि वीज वाचवतो.

मॅनेजर साहेबांनी अट घातली, "बिलात युनिट कमी दिसले पाहिजेत. नाहीतर सकाळी सहाची बॅच बंद."

सहाची बॅच बायकांची. त्यातल्या सावंतकाकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलेलं. दहानंतर पोरांच्या उड्यांमध्ये त्या चालणार कुठे?

•

ड्राइव्ह बसला त्याच दिवशी दुपारी बंद पडला. टेक्निशियन ठाण्याहून धावत आला. बघतो तर आमचे ऑपरेटर, तळवलीचे म्हात्रेमामा, यांनी पूजा करून डब्याला झेंडूचा जाडजूड हार घातलेला. हवा आत घेणारा पंखा बरोबर त्या हाराखाली!

"मामा, त्याचा श्वास कोंडला ना!" मी म्हणालो.

"देवाला हार चालतो, याला का नाय?"

शेवटी तडजोड झाली. हार आता शेजारच्या फायर एक्स्टिंग्विशरला असतो.

•

दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह बघायला मी लवकर आलो, तर सावंतकाकू ओल्या टोपीनिशीच पंपरूमच्या दारात.

"अहो भाऊ, पंप बंद आहे आणि आम्ही त्याच पाण्यात! खाज सुटली सगळ्यांना."

"काकू, चालू आहे. हळू चालतोय, म्हणून आवाज नाही."

"आवाज नाही म्हणजे बंदच!"

मी त्यांना खोल बाजूला नेलं. "तळाला काय दिसतंय, सांगा."

काकू वाकल्या. "टिकली पडलीय. लाल."

"एवढ्या खोलवरची टिकली दिसते, म्हणजे पाणी स्वच्छ आहे ना?"

काकू म्हणाल्या, "स्वच्छ आहे. पण टिकली त्या शिंदेबाईची आहे. टिकली काढून उतरायचं, हा नियम तिला सांगा आधी!"

•

पहिलं बिल आलं. युनिट जेमतेम उतरलेले.

"तुमचा डबा शोभेचाच निघाला," साहेब म्हणाले. "अजून एक बिल बघतो. मग बॅच बंद."

टेक्निशियनने सगळं तपासलं, दोष सापडला नाही. मी हट्टाला पेटलो. एरवी नऊला येतो, तो सहाच्या आधी येऊन पंपरूममागे उभा राहिलो. बॅच सुरू झाली आणि आतून जुन्यासारखी घरघर! धावत आत गेलो. मामांनी बायपासचा स्विच टाकलेला. ड्राइव्ह बिघडला तर मोटार थेट लाइनवर घ्यायला ठेवलेला तो स्विच.

"मामा, हे काय?"

"भाऊ, आवाज नसला का काकू बोलतात पंप बंद हाय. बाया पान्यात उतरतच नाय. सकाली तुमी यायच्या आधी, संध्याकाली तुमी गेल्यावर, बॅच हाय तवर आवाज देतो त्यांना."

"अहो, या आवाजापायी त्यांचीच बॅच जाईल!"

मामांनी स्विच मागे घेतला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावून मूठ कानाशी धरली. बराच वेळ ऐकलं.

"बोलते ती. हलू बोलते."

मी तसाच काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. काकू कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. तिथूनच वळून त्यांनी बॅचला ठणकावलं, "ऐका गं! यापुढे जिला आवाज हवा, तिने घरी जाऊन मिक्सर लावावा!"

•

परवा दुसरं बिल आलं. युनिट चांगलेच उतरलेले. साहेबांचा विश्वास बसेना. आज बिल हातात घेऊन, मलाही बोलावून ते सहाच्या बॅचला स्वतः काठावर येऊन उभे राहिले. कान देऊन ऐकलं आणि ओरडले, "भाऊ! अहो, पंप बंद आहे! आधी चालू करा!"

पाण्यातून अख्खी बॅच एका सुरात म्हणाली, "साहेब, घरी जाऊन मिक्सर लावा!"

सहाची बॅच कायम झाली. बायपासच्या स्विचला कुलूप लागलं. किल्ली सावंतकाकूंकडे आहे.