मामाजींच्या डोक्यातलं रक्त

चहा घ्या, आरामात बसा, किस्सा लांबणारा आहे. हसू आलं तर खुशाल हसा, मला राग नाही. माझ्या सासरी मात्र यावर अजून कोणी हसलेलं नाही.

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, सिहोऱ्याचे. धानाची शेती आणि दवाखान्याशी जन्माचं वैर. एका सकाळी बांधावर उभे असताना त्यांचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. थोड्या वेळानं सगळं पहिल्यासारखं झालं, पण आम्ही घाबरून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मानेतली डावी नस अरुंद झाली आहे, डोक्याला रक्त किती पोचतं ते एमआरआयवर मोजू. मोजलं.

"सध्या पुरतंय," त्या म्हणाल्या. "गोळ्या चालू ठेवा. काही महिन्यांनी परत मोजू. कमी झालं तर मान उघडून नस साफ करावी लागेल."

'मान उघडून' हे शब्द मामाजी परतीच्या रस्त्यावर स्वतःशीच पुटपुटत होते.

तेव्हा माझी बायको कुंदा सोबत होती. दुसऱ्या वेळी तिला ताप आला, म्हणून ती माहेरीच राहिली आणि कामगिरी माझ्यावर आली. आदल्या दिवशी मामाजींना जवाहरनगरला आमच्या क्वार्टरवर आणलं. मशीनवाल्या बाईंनी फोनवर सांगून ठेवलं होतं, सकाळी चहा-बिहा काही देऊ नका.

आता मामाजींचा चेहरा चहाशिवाय उघडतच नाही. सकाळी डोकं धरून बसले.

"जवाईबुवा, डोकं फुटून राहिलं. घोटभर चहा द्या न."

"चहाले मनाई आहे मामाजी."

"काहून?"

काहून ते मला कुठं माहीत होतं? आणि कारण न सांगता घातलेली मनाई मला तशीही पटत नाही. मी विचार केला, मनाई चहाला आहे, कॉफीचं कोणी नाव घेतलंय? राहिलं 'बिहा', तर तो काही पदार्थ नव्हे. मोठा पेला भरून काळी कडक कॉफी केली. मामाजींनी जन्मात पहिल्यांदा कॉफी प्यायली आणि त्यांचा चेहरा उघडला. वाटेत ढाबा दिसल्यावर स्वतःच म्हणाले, "ते कडू पाणी इथं भेटन का?"

भेटलं.

तपासणी झाली. बाहेर आलेला तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मागच्यापेक्षा रक्त बरंच कमी दिसतंय. मॅडम बाहेरगावी आहेत, सोमवारी येतील, त्या ठरवतील. ऑपरेशन लागू शकतं. पण आत्ताच कोणाला घाबरवू नका."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही. तरी पार्किंगमधून साकोलीला मेव्हण्याला फोन लावला. रमेशचं तिथं हायवेवर दुकान आहे.

"रमेश, मामाजीच्या डोक्यात रक्त पोचूनच नाही राहिलं."

"म्हंजे?"

"म्हंजे आटलं. येऊन भेटून घे."

'आटलं' हा शब्द डॉक्टरचा नाही, माझा. पुढं तो कुठं कुठं गेला, ते मी सिहोऱ्याला पोचल्यावर पाहिलं. अंगणात चपलांचा ढीग होता. दुकान बंद करून रमेश आमच्या आधी पोचला होता. दोन म्हाताऱ्या आधीच रडत बसल्या होत्या. मामाजी गाडीतून उतरले, ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोन मेलं जी?"

मी म्हणालो, "तुमी आराम करा मामाजी."

सांगा, याच्याहून वाईट उत्तर असू शकतं का? मामाजी काय ते समजले. मुकाट्यानं आत जाऊन खाटेवर आडवे झाले.

खरी शोभा दुसऱ्या दिवशी झाली. बापाला झोप लागली असं समजून रमेश ओसरीवर बहिणीला म्हणाला, "ताई, धानाच्या बांध्यायच्या वाटणीचं आत्ताच ठरवून टाकू. मागून कटकट नको."

कुंदा तापानं फणफणली होती, तरी उठून बसली. "तू बापाले पाहाले आला का बांध्या पाहाले?"

मला बायकोचा अभिमान वाटला. तो फार टिकला नाही, कारण लगेच ती म्हणाली, "अन् ठरवाचंच असन तं माहा बी हिस्सा आहे त्यात. तळ्याखालची बांधी मी नाही सोडत."

मग जे बोलणं झालं ते पुन्हा सांगण्यासारखं नाही. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, इथपर्यंत गेलं. मी मध्ये पडलो तर दोघंही माझ्यावर उलटले. आतून खाट करकरली. मामाजी जागे होते. त्यांनी फक्त भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून जेवणाचं ताट समोर आलं की हातानं सरकवायचे.

सोमवारी मी आणि कुंदा त्यांना धरून नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वेळचे फोटो शेजारी लावले आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"नस डावीकडची खराब आहे. ती आणखी बंद झाली असती, तर डावीकडचं रक्त जास्त कमी झालं असतं. इथं दोन्हीकडचं सारखंच उतरलंय. त्या दिवशी सकाळी काय घेतलं होतं?"

मी पंख्याकडे बघितलं. मामाजी म्हणाले, "कडू पाणी."

"कॉफी," मी म्हणालो. "दोनदा."

बाईंनी चष्मा काढला. "कॉफीनं डोक्यातल्या बारीक नसा आवळतात, रक्त कमी जातं. चहानंही. एरवीसुद्धा तोच माणूस, तीच मशीन, तरी दोन वेळच्या मापात थोडा फरक पडतोच. म्हणून तर दोन्ही वेळा माणूस सारख्याच अवस्थेत लागतो. उद्या उपाशी नाही, पण चहा-कॉफीशिवाय आणा."

दुसऱ्या दिवशी परत मोजलं. पहिल्या वेळेइतकंच निघालं. ऑपरेशन नाही, त्याच गोळ्या.

"तुम्ही काय करता?" बाईंनी मला सहज विचारलं.

"फॅक्टरीत आहे. इन्स्पेक्शनला."

"म्हणजे नेमकं काय?"

"मशीनवरून आलेला नग मोजायचा." मी थांबलो. कुंदा माझ्याकडे बघत होती, त्यामुळे पुढचंही सांगावं लागलं. "तो निवल्याशिवाय मोजायचा नाही. गरम असला की माप चुकतं."

बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी माझ्या हातात दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना गाडीत मामाजी पुढं माझ्या बाजूला, कुंदा मागं खिडकीकडे तोंड करून. मौदा गाव मागं पडलं तेव्हा मामाजींनी तोंड उघडलं.

"रक्त किती आहे ते समजलं. रक्ताचे कोन किती आहेत, ते बी समजलं."

मागून कुंदाचा हुंदका ऐकू आला. मला वाटलं, निदान मी तरी यातून सुटलो, मी काही रक्ताचा नाही. धीर करून म्हणालो, "जाऊ द्या मामाजी. लेकरं आहेत, चुकले."

"लेकरायनं तं नुसते वाटे पाडले जवाईबुवा," मामाजी रस्त्याकडे बघत शांतपणे म्हणाले. "मारलं तुमी."