कुमुदचा तांब्या आणि आठ मिनिटं आधीचं लग्न

अकोल्याच्या एका लग्नात मी भर मांडवात, अंतरपाटाशेजारी उभा राहून, वृत्तबद्ध पाणी मागितलं.

मी अमरावतीचा भिक्षुक. आता वय इतकं झालंय की माझ्या हातून लग्न लागलेली जोडपी नातवंडांच्या पत्रिका घेऊन येतात. हल्ली म्हणे स्वमग्न मुलांना व्हिडिओ दाखवून, गाणी ऐकवून बोलायला शिकवतात. साठ सालाच्या आसपास आमच्याकडे व्हिडिओ नव्हता, ग्रामोफोन नव्हता, आणि 'स्वमग्न' हा शब्दही नव्हता. होती ती आमची मुलगी, कुमुद. सात वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. शेजारी म्हणाले, नजर लागली. मी दोघांचंही ऐकलं आणि घरी येऊन रडलो.

शाळेच्या मोठ्या बाई मात्र स्पष्ट बोलल्या. "महाराज, पोरीले तहान लागली तं मले समजलं पाह्यजे. एवढं येऊ द्या, जूनपासून पाठवा." म्हणजे हातात फक्त उन्हाळा होता.

कुमुदला साधं बोलणं नको असायचं. कानांवर हात ठेवून बसायची. पण सुरावर जीव. मी घरी मंगलाष्टकं घोकू लागलो की येऊन माझ्या गुडघ्याला टेकायची. मला गाता येणारी चाल आयुष्यात तेवढी एकच. (आरतीला माझा आवाज लागला की आमच्या हिचा, म्हणजे कुमुदच्या आईचा, हात आपोआप टाळांकडे जातो, तेही जोरात वाजवायला.) तेव्हा मी त्याच चालीत धडा बसवला:

*पाणी दे मजला तहान भलती कंठास लागे पहा…*

शेवटी रीतसर 'कुर्यात् सदा मंगलम्, शुभमंगल सावधान', आणि 'सावधान'ला तांब्या हातात. कधी ही मागायची, मी आणायचो. कधी मी मागायचो, कुमुद आणायची. पंधरा दिवसांत तिला ते इतकं पाठ झालं, की मी मागितलं रे मागितलं की ती माठाकडे पळायची. तोंडातून शब्द मात्र नाही. आणि कडवं अर्धवट सोडलेलं तिला अजिबात खपायचं नाही. पूर्ण करेपर्यंत माझं धोतर ओढत राहायची.

मग मला चेव आला. जेवणाचं अष्टक झालं, वेणीचं झालं, परसाकडेचं तर दोन कडव्यांचं झालं. हिने एकदा मीठसुद्धा चालीवर मागितलं, आणि वर माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या. शेजारीण बाहेरूनच विचारायची, "आज कोनाचं लग्न लावून राह्यले, महाराज?"

एवढ्यात मोठ्या बाईंच्या भाचीचं अकोल्याला लग्न ठरलं आणि ते लावायचं काम माझ्याकडे आलं. बाई समोर बसणार, कुमुद त्यांना दिसणार. हिला मी बजावलं, पोरीला मांडीवर धरून बस, काही वेडंवाकडं होता कामा नये. वेडंवाकडं माझ्याकडूनच होईल हे घरात कोणाच्याही मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

अकोल्याचं वैशाखातलं ऊन! चार अष्टकं झाली, घशाला कोरड पडली, आणि मुहूर्ताला अजून आठ मिनिटं होती. पाचव्याला मी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि सवयीने बाहेर पडलं, "पाणी दे मजला तहान भलती…"

खरं सांगतो, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मंगलाष्टकं ऐकतो कोण? लोक 'सावधान'ची वाट बघतात आणि अक्षता फेकतात. पण एक व्यक्ती मनापासून ऐकत होती. कुमुद हिच्या मांडीवरून निसटली, करवल्यांजवळचा भरलेला तांब्या उचलला आणि थेट अंतरपाटाखालून माझ्याकडे निघाली. अंतरपाटाचं एक टोक धरलेल्या नवरीच्या मामांच्या पायावर गार पाणी सांडलं. मामा उडाले, अंतरपाट खाली आला. नवरा-नवरी वेळेआधी एकमेकांकडे बघून चक्क हसली.

कडवं तिथेच तुटलं. कुमुद माझ्यापुढे तांब्या धरून उभी. तिने धोतर ओढलं. मी गप्प. पुन्हा ओढलं. मी गप्प. मग त्या पोरीने मान वर केली आणि आयुष्यातला पहिला शब्द म्हटला, माझ्यापेक्षा दसपट सुरात:

"सावधान!"

तीनशे माणसांनी अक्षता फेकल्या. बँडवाल्याचा नियम साधा, अंतरपाट पडला की वाजवायचं, त्याने वाजवलं. नवरीने हार घातला, नवऱ्याने घातला, आणि मी तांब्या तोंडाला लावून रडत होतो.

नवऱ्याचे वडील घड्याळ घेऊन माझ्या अंगावर आले. "महाराज, मुहूर्त तं अजून यायचा हाये. हे लग्न लागलं का नाई लागलं?"

पंचांगात याचं उत्तर नव्हतं. मी हिच्याकडे पाहिलं, ही देवाकडे पाहत होती. उत्तर नवरीनेच दिलं. हार घट्ट धरून ती म्हणाली, "लागलं. मी काई आता हार काढत नाई."

तेवढ्यात मोठ्या बाई उठून आल्या. शाळा गेली, असं मी मनात म्हटलं. बाईंनी कुमुदच्या केसांतल्या अक्षता झटकल्या आणि साऱ्या मांडवासमोर म्हणाल्या, "पोरगी एकच शब्द बोलली, पन जाग्यावर बोलली. जूनपासून पाठवा तिले."

मी हात जोडले. बाई दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"तुमीबी संगं येऊन बसत जा, महाराज. कवा काय बोलावं, हे तुमालेच शिकायचं राह्यलं."