ओल्या दाताचा उजेड

दवाखान्यामागच्या लांबट खोलीत एक माणूस तीस वर्षं दात घडवत बसला होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. शिकवलं मात्र त्याने कधीच कुणाला नव्हतं. चिनी मातीची पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशने थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचे. टेबलावर राखाडी कापड आणि त्यावर सोळा नमुन्याच्या दातांची पट्टी. पट्टी कारखान्यातून रंगांप्रमाणे लावून येई. मास्तरने सगळे दात उपसून उजळापासून काळपटापर्यंत पुन्हा बसवले होते.

रंग थोडा चुकला तर माणसं माफ करतात, तो म्हणे, पण उजळपणा चुकला की दात तीन हातांवरून हाका मारतो. म्हणून तो डोळे किलकिले करून बघे. पापण्या मिटत आल्या की पिवळं, करडं, गुलाबी विरघळून जाई. उरे तो फक्त उजेड, कमी किंवा जास्त. संध्याकाळी घरी जातानाही तो असाच चाले. मग रस्ता रस्ता राहत नसे. भिंती, वाळत घातलेल्या चादरी, समोरून येणाऱ्यांची कपाळं, सगळं एकाच खोल पाण्यात कुठे वर, कुठे खाली तरंगत असे. एकदा दिव्याच्या खांबावर आपटलाही होता.

त्याची थोरली बहीण जिन्यावरून पडली आणि तिचा समोरचा दात तुटला. ताई म्हणजे घरातलं हसणं. मयताला जाऊन आली तरी तिथलं काहीतरी सांगून सगळ्यांना हसवायची. आता ती तोंडावर हात धरून दोन शब्द बोले आणि उठून आत जाई. मेहुणे मास्तरला म्हणाले, घरात आवाज करणारे आता दोघंच, मी आणि घड्याळ.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दाताच्या मुळाचं काम केलं आणि शेजारच्या दाताची छटा बघायला मास्तरला बोलावलं. बघायचा नियम त्याचाच होता: पाच सेकंद दात, मग नजर राखाडी कापडावर. पण ताईचा चेहरा इतक्या जवळून त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. शेजारच्या दाताचा टवका उडालेला होता. लहानपणी त्याच्या पतंगाचा दोरा ती त्याच दाताने तोडायची. ती आ करून बसली आणि तो बघत राहिला. किती वेळ, कोण जाणे.

चौथ्या दिवशी दात बसवून पाहिला. ताईने आरसा घेतला.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमच्या बाळ्याचं भरलं," ती म्हणाली. "पण बाळ्या, हा माझ्या तोंडात पाहुण्यासारखा बसलाय रे. इस्त्रीचे कपडे घालून."

आणि हात पुन्हा तोंडावर गेला. तो हात मास्तरला झोंबला. चूक कुठे झाली ते त्याला लगेच कळलं. तोंड उघडं राहिलं की दात वाळतो, आणि वाळला की पांढरा पडतो. हे त्याला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं, आणि तरी त्याने वाळलेलाच दात पाहिला होता.

"किती वेळ बघत होतास?" ताईने विचारलं.

"मोजलं नाही."

तिने दुसऱ्या हाताने त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

या वेळी त्याने तिला पाणी प्यायला लावलं. ओठ मिटून ठेव, मी सांगेन तेव्हाच उघड. पाच सेकंद. पुन्हा पाणी. असं सहा वेळा. प्रत्येक वेळी त्याने डोळे मिटले की अंधारात तो ओला दात थोडा वेळ तेवत राही. त्या उजेडावरून त्याने नवा दात केला. राखाडी कापडावर तो मळका दिसला, पांढऱ्या बशीत चहात बुडवल्यासारखा, काळ्या डबीवर चांदण्यासारखा. दात तोच. याचा स्वतःचा उजेड कोणता, हे मास्तर दुपारभर शोधत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा काळाच वाटतोय, बघा बुवा. तो म्हणाला, तोंडात जाऊ द्या.

दात बसला. मास्तरने आरसा दिला नाही. ताईला आणि मेहुण्यांना आपल्या खोलीत नेऊन चहा दिला. मेहुणे म्हणाले, निदान आता तरी सांग, पडलीस कशी. ताई घुटमळली. मग म्हणाली, हातात कलिंगड होतं. कठडा धरायचा की कलिंगड, ते ठरेपर्यंत जिना संपला.

"आणि कलिंगड?" मास्तरने विचारलं.

"शाबूत. कापलं तर आत पांढरंफटक."

आधी मेहुण्यांना हसू फुटलं, मग तिला. सवयीने तिचा हात उठला. त्यात कप होता, तो मधेच अडला, आणि ती तशीच हसत राहिली, तोंडभर. मास्तरने डोळे किलकिले केले. ओळीतला आपण घडवलेला दात कोणता, ते कळेना. पूर्ण उघडले, तरी कळेना.

"काय बघतोस रे?" ताई म्हणाली.

तो म्हणाला, "काही नाही. हस तू."