नव्या नवरदेवाला नवी नाल

अमळनेरात बोरी नदीच्या पुलाअलीकडे, निंबाखाली शेवंताबाईची ऐरण आहे. समोर माझं गुरांच्या कुट्टी-ढेपेचं दुकान. तिचं झुलाल बॅण्डवाल्याशी असलेलं वैर मी पहिल्या दिवसापासून पाहिलंय, आणि मी कोणाच्या बाजूची हे आधीच सांगून टाकते. झुलालचं नाव काढलं की माझंही डोकं तापतं. ज्यांना मन मोठं करायचं असेल त्यांनी खुशाल करावं.

शेवंताबाईचा नवरा भिला नालबंद होता. तो नाल ठोकायचा आणि ही घोड्याचा पाय मांडीवर धरून बसायची. घरची एक पांढरी घोडी होती, रूपा. लग्नसराईत ती झुलालच्या बॅण्डबरोबर वरातीला जायची. झुलालनं आपल्या गाडीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, ‘नव्या नवरदेवाला नवी नाल’. कोऱ्या नालेचा काँक्रीटवर खणखणीत आवाज येतो, घोडी नाचताना ठिणगी उडते आणि वरमाय खूश होते. म्हणून दर लग्नाआधी जुनी नाल उपटायची आणि नवी ठोकायची. तिथी दाट असल्या की आठवड्यातून दोनदासुद्धा.

नाल किती दिवसांनी बदलायची, याचं ढोबळ उत्तर महिना-दीड महिना. पण शेवंताबाई तारीख कधीच देत नाही. ती आधी पाय उचलते. खूर नालेबाहेर आलाय का, खिळ्याचं दुमडलेलं टोक वर उठलंय का, नाल हलतेय की झिजून पातळ झालीय, ते बघते. खूर आपल्या नखासारखा हळूहळू वाढतो. तो वाढायच्या आत पुन्हा खिळे मारले तर जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पडतात आणि खुराच्या कडेची पार चाळणी होते.

हे तिनं झुलालला एका वरातीच्या आदल्या दिवशी, चारचौघांत सांगितलं होतं. "आबा, खूर वाढू दे. आते ठोकाले जागाच नही शे."

झुलाल भिलाकडे बघून म्हणाला, "तुन्ही बायकोना कानमा घोडी सांगस का रे? नाल कव्हय बदलानी, ते मी घोडीले इचारू?"

सगळा चौक खदखदून हसला. भिला भिडस्त माणूस. त्यानं मान खाली घातली आणि नाल ठोकली. त्या एका गोष्टीसाठी शेवंताबाई अजून त्याच्यावरही चिडते.

त्याच वरातीत रूपा कोसळली. ठिसूळ कड फुटून खिळा आतल्या जिवंत भागात शिरला होता. नवरदेव खाली आला, त्याच्या कपाळाला खोक पडली. वऱ्हाडी अंगावर आले तसे झुलालनं हात झटकले. "भिला पेयेल व्हता. त्याना हात थरथरे," म्हणाला. भिलानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण गावाला चघळायला विषय मिळाला. रूपाचा पाय सडला आणि ती गेली. भिलाच्या दारात घोडे यायचे थांबले. पुढं तोही गेला, ‘पिऊन नाल ठोकणारा’ हेच नाव घेऊन.

त्याची तिरडी उचलली तेव्हा शेवंताबाई रडली नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "झुलाल सोता सांगी. याच चौकमा, बठ्ठासमोर सांगी."

मग तिनं हातोडा उचलला. बाईमाणूस नाल ठोकतं म्हणून लोकांनी नावं ठेवली, ती तिनं ऐकून घेतली आणि कित्येक वर्षं बैलांच्या खुरांना पत्र्या मारत राहिली. गावातला दुसरा नालबंद मुलाकडे सुरतेला गेला तसे घोडेही तिच्याकडे यायला लागले. फक्त झुलाल धुळ्याहून माणूस बोलवायचा.

यंदा तो माणूस सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत अडकला. आणि झुलालच्या नव्या घोड्याला, बादलला, दुसऱ्या दिवशी धुळ्यात एका बड्या घरची वरात. घोडा लंगडत होता. झुलाल त्याला आणि नव्या नालांची पिशवी घेऊन निंबाखाली आला.

"अक्का, तेवढी नवी नाल ठोकी दे." जन्मभर ‘भिलानी बायको’ म्हणणाऱ्या तोंडातून अक्का निघालं.

"पाय धर," ती म्हणाली. झुलालनं आपल्या गड्याला खूण केली. "तो नही. तू."

सफारीतला झुलाल वाकला. मी गल्ला तसाच टाकून पुढं जाऊन उभी राहिले, हे दृश्य मला जवळून पाहायचं होतं. शेवंताबाई एकेक खिळा सावकाश काढत होती. बादल सगळा भार झुलालवर टाकत होता. माणसं जमली.

"मांगली नाल कव्हय ठोकी व्हती?"

"मांगला लगीनले."

"आनि त्याना आंगोदर?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठाथीन सांग. ऐकू येत नही."

"हर लगीनले!" तो ओरडला.

"कोना सांगावरथीन?"

 तिनं पक्कड खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसत बसून राहिली. झुलालनं घोड्याचा पाय एका मांडीवरून दुसरीवर घेतला. पाय सोडला तर घोडा दुखऱ्या खुरावर आदळणार आणि उद्याची वरात हातची जाणार, हे त्याला कळत होतं.

"मीच सांगे," तो शेवटी म्हणाला.

"रूपाले बी?"

"रूपाले बी मीच सांगे."

"आनि भिला?"

 झुलालनं खाली मातीकडं बघत म्हटलं, "भिला पेयेल नव्हता."

मला इतकं बरं वाटलं की मी उघड हसले. शेवंताबाईनं पुन्हा पक्कड घेतली. चारही नाला उपटल्या, कानशीनं खूर साफ गोल केले आणि नव्या नाला झुलालच्या पिशवीत परत टाकल्या. खूर भरून येईपर्यंत घोडा अनवाणीच राहणार होता. बादलसाठी तेच योग्य होतं. त्यात झुलालची अख्खी सराई बुडाली, तेही योग्यच झालं.

"अक्का, मंग नाल ठोकाले कव्हय आनू?" झुलालनं कंबर धरत विचारलं.

शेवंताबाईनं हातोडा पुसून बाजूला ठेवला.

"घोडाले इचार."

चौक तेव्हासारखाच खदखदून हसला. शेवंताबाई मात्र ऐरणीवर डोकं टेकून रडत होती.